नंबर माणसाचा की भिंतीचा
जुन्या बाजारात काळा, जड फोन दिसला आणि औशाचं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, दुष्काळाचे दिवस होते. पाण्याचे टँकर पाठवणाऱ्या साहेबांना गाठायला वडिलांनी दुकानातून फोन उचलून त्यांच्या कचेरीचा नंबर मागितला, "बावीस द्या." ऑपरेटरबाईंचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला, "साहेब तिथं न्हाईत अण्णा, आत्ताच खिडकीखालून हॉटेलात गेले. सोळा लावते." आणि साहेब सापडले! संध्याकाळी टँकरखाली घागर धरून मी विचारलं, "अण्णा, नंबर माणसाचा असतो की भिंतीचा?" अण्णा म्हणाले, "भिंतीचाच. माणूस मात्र त्या बाई हुडकून देतात." अण्णा जाऊन वर्ष झालं. परवा मी त्यांचा मोबाईल नंबर लावला. अनोळखी मुलीनं उचलून विचारलं, "कोण पाहिजे?" "सोळा लावते" म्हणणारी बाई आता मधे नव्हती.