टाक घेऊन खडवलीला

चांदीचा टाक वितळवून नवा करायचा, तर त्यावर देव कोणता काढू, असं डोंबिवलीच्या सोनाराने विचारलं आणि आमचं खडवलीला जायचं ठरलं. टाक म्हणजे देवघरातला छोटासा पत्रा, त्यावर उठावातला देव. आमच्या टाकावरचा स्वार आईच्या रोजच्या घासण्याने इतका झिजलाय, की ओळखू येतो तो फक्त घोडा. मी त्याला खंडोबाच समजत आलो. पण खात्रीने सांगायची वेळ आली तेव्हा सांगवेना. विचारण्यासारखी एकच उरली होती, ऐंशी उलटलेली आत्या.

ब्याण्णवच्या जानेवारीतला रविवार. कल्याणला दुर्गाडीचा पूल ओलांडून नाशिक रस्त्याला लागावं, पडघ्याला उजवीकडे वळावं. स्कूटरने दीड तास धरा. पडघ्याचा वडापाव दीड रुपयाला, चटणी जहाल. पुढे खड्डे आहेत. मागे बसणाऱ्याने उशी घ्यावी, असं माझी बायको सुनंदा सांगते. टाक तिच्या पर्समध्ये होता. तो आहे ना, हे पाहायला मी दोनदा थांबलो. देव मानत नाही म्हणता आणि जीव एवढा टांगलेला, असं तिने ऐकवलंच.

आत्या ओसरीवर वाल सोलत होती. दिसत नाही म्हणून तिने टाक अंगठ्याने चाचपला. स्वारासोबत म्हाळसा नाही, घोड्यापाशी कुत्रं नाही. ती हसायलाच लागली.

"अरे, कसला खंडोबा? तो गावी थोरल्या घरात आहे. हे तुझे खापरपणजोबा. लढाईत गेले, म्हणून देवांत बसवले."

सुनंदाने कपाळाला हात लावला. दर चंपाषष्ठीला तिने ह्यांनाच वांग्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवला होता.

"वांगं?" आत्या म्हणाली. "पानात वांगं दिसलं तर ताट सारून उठायचे म्हणे."

त्यांचं नाव मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

मी खट्टू झालो. इतकी वर्षं चुकीच्या नावाने केलेला नमस्कार गेला कुठे, असं आत्याला विचारलं.

"घरातल्या घरातच राहिला ना? मग झालं तर."

वितळवू का, असं विचारलं. तिने टाक माझ्या हातात परत ठेवला. "कर की नवा. पण तोंड सोनाराच्या साच्यातलं येईल. हे तुझ्या आईने घासलंय."

दुपारी भातसा नदीत पाय बुडवून बसलो. पाणी गार, काठ निवांत. सोबत डबा न्यावा. अंधाराआधी घरी.

सोमवारी सोनाराला नको म्हणून सांगितलं. देव आहे की नाही, हे मला चाळिशी उलटूनही ठरवता आलेलं नाही. हा माणूस मात्र होता. आज सकाळी हात जोडले तेव्हा पहिल्यांदाच मनात शंका आली नाही.