चौथी चौकी

माझ्या सासऱ्यांनी मला मुलगी दाखवण्याआधी चिंचोके दाखवले.

मावशीला घेऊन मी कडावला मुलगी पाहायला गेलो होतो. जयभीम झाला, पाणी झालं. आता खोपोलीच्या कारखान्यातल्या नोकरीचं विचारतील म्हणून मी ताठ बसलो, तर मुलीच्या वडिलांनी, धोंडूमामांनी, विचारलं, "डाव खेळतोस का रं?" उत्तराची वाट न बघता त्यांनी जमिनीवर खडूनं घरं आखली, दोन्ही टोकांना एकेक गढी काढली आणि मूठभर चिंचोके माझ्यापुढे सरकवले. मावशीचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मामा गवंडी. पावसाळ्यात काम बंद पडलं की बिगाऱ्यांबरोबर बसायला हा खेळ त्यांनी स्वतःच रचला होता. कौलाचा तुकडा म्हणजे चौकी, खडा म्हणजे शिपाई. चौकी काय, शिपाई काय, चिंचोके देऊन विकत घ्यायचे. चौकी दर फेरीला एक चिंचोका मिळवून देई, शिपाई पुढे सरके. ज्याचा शिपाई समोरच्या गढीत शिरला, तो जिंकला. गंमत भावात होती. पहिली चौकी एका चिंचोक्याला, दुसरी दोनाला, तिसरी चाराला, चौथी आठाला. शिपायांचा भावही असाच चढत जाई.

"आदी सगळ्याचा भाव एकच व्हता," मामा म्हणाले. "एका गड्यानं खडंच खडं मांडलं. डाव हलंना. तवा मी भाव चढवला. आता हौस ज्याची त्यानं करावी."

मी हौस केली. चौक्या असल्या की चिंचोके येणारच, या हिशेबानं चौकीमागून चौकी घेत सुटलो. चौथी घेतली तेव्हा हात रिकामा झाला, आणि माझ्या गढीशी एकही शिपाई नव्हता. मामा दोन चौक्यांवर थांबले होते. त्यांचा खडा सावकाश माझ्या गढीत येऊन बसला. राग यायला हवा होता, पण मला हसूच फुटलं. चार चौक्यांचा राजा, आणि दार उघडं! आधीच्या एका स्थळानं म्हणे हरल्यावर चहासुद्धा घेतला नव्हता.

"थांबायचं कळत नाय याला," मामा मावशीला म्हणाले. मी हसू आवरलं. कारण तोवर दाराआडून डाव बघणारी मुलगी, विमल, मला दिसली होती.

तीच म्हणाली, "नसंल कळत. पन हरून हसतोय ना, बाबा? मला चालंल."

लग्न झालं. मामा मात्र चारचौघांत सांगत, "पोरीनं पसंत केला. माजा डाव बाकी हाय." वर्षानुवर्षं मी कडावला जायचो, हरायचो आणि हेच ऐकून परत यायचो. सगळे हसत, मीही हसे. पण खरं सांगतो, ते मला लागायचं.

घर बांधायला येणाऱ्या गिऱ्हाइकालाही मामा ऐकवत, "पयली खोली गरजेची, दुसरी सोयीची, तिसरी शेजाऱ्याला दाखवायची." यापायी त्यांची कितीतरी कामं हातची गेली. सासूबाई कपाळाला हात लावत. आमचं कुंभिवलीचं घर मामांनीच बांधलं, दोन खोल्यांचं. पुढे हायवेलगत माड्या चढू लागल्या तशी मलाही माडीची हाव सुटली. मामा तेव्हा थकून आमच्याकडेच राहायला आले होते. त्यांच्या हातात थापी धरवत नव्हती. मी माडीचा विषय काढला.

मामांनी खडू उचलला. "चिंचोकं आन," म्हणाले.

दोन चौक्या झाल्या. तिसरीपुरते चिंचोके हातात होते. मी कौलाचा तुकडा उचलला, मामांकडे पाहिलं आणि खाली ठेवला. शिपाई घेतला. मग आणखी एक. मामा त्या दिवशी तिसऱ्या चौकीच्या मागे लागले होते. माझा खडा त्यांच्या गढीत शिरला.

विमल अजून म्हणते, बाबा मुद्दाम हरले. मी ते मानत नाही.

मामा मोठ्यानं हसले, पहिल्या दिवशी मी हसलो होतो तसे. त्याच हिवाळ्यात ते गेले. माडी काही मी बांधली नाही. पण त्या संध्याकाळी डाव पुसत त्यांनी चुलीकडे हाक मारली होती, "विमल, च्या ठेव गं. पोरगा मला पसंत हाय."