थंड लोखंडातली थरथर

श्री. माधवराव टिळेकर सरांची आणि माझी पहिली ओळख भोरच्या एका लोहाराच्या अंगणात झाली. संस्थान विलीन झाले त्या वर्षी मी आत्याकडे राहून आठवीत शिकू लागले होते. पदार्थविज्ञानाचा पहिलाच तास सरांनी वर्गाबाहेर घेतला.

लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचे कडे, चढवणार होता. धाव चाकाहून लहान दिसत होती. मी म्हणाले, "माप चुकलंय."

लोहार हसला. "बरुबर मापाची बशिवली तर चार दिसांत निसटंल, पोरी. बघ आता."

गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल झाली, वाढली आणि चाकावर बसली. पाणी ओतताच तिने लाकूड करकचून आवळले.

सरांनी कारण सांगितले. घन पदार्थातल्या प्रत्येक कणाला शेजारचे कण धरून असतात. तो फार जवळ आला तर रेटतात, दूर गेला तर ओढतात. उष्णतेने हललेला कण मूळ जागी परत येतो, पण वेगाच्या भरात तिथे थांबू शकत नाही. पलीकडे जातो, पुन्हा ओढला जातो. हेच कंपन. रेटणे ओढण्यापेक्षा कडक असते, म्हणून कंपन वाढले की कणांमधले अंतरही वाढते. मी विचारले, "आणि गार करत गेलो तर?" सर म्हणाले, "थंडीलाही शेवटची हद्द आहे. तिथे सगळे कण थांबतात." मी ते वहीत लिहून घेतले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेले. आमची वस्ती मार्गासनीच्या वरच्या अंगाला, घरी मेंढरे. मला शाळेत परत पाठवायचे नाही, असे वडिलांनी, म्हणजे आबांनी, ठरवले होते. तसे त्यांनी आत्याला कळवलेही होते. मी वाद घातला नाही. वह्या बांधून ठेवल्या.

एका दुपारी सर वस्तीवर आले. नसरापूरहून बैलगाडीने आणि पुढे चढ चालत. आबांनी घोंगडी अंथरली, पाणी दिले आणि म्हणाले, "मास्तर, पोरीला न्यायाला आला असाल तर सांगून ठिवतो. आमचं ठरलंय."

"न्यायला नाही आलो. वर्गात मी हिला चुकीचं सांगितलं, ते दुरुस्त करायला आलोय."

"चूक? तुमची?"

"माझी. पुण्याला एका ग्रंथालयात वाचताना कळली. ही जूनमध्ये येणार नाही असं ऐकलं. मग सांगायचं कधी?"

सर माझ्याकडे वळले. "कण पूर्ण कधीच थांबत नाहीत. थंडीच्या शेवटच्या हद्दीवरही थोडी थरथर उरते, ती काढून घेता येत नाही. वहीत खोड."

मी वही सोडून आणली आणि ते वाक्य खोडले. आबा बघत होते. म्हणाले, "रातच्याला वाघुरीच्या जाळीत कोंडलेली आमची मेंढरं निजली तरी हालत्यात. तसंच का?"

"दाखला चांगला आहे, आबा. पण मेंढरं जिवंत आहेत म्हणून हलतात. लोखंडाचं कारण निराळं."

"म्हंजी आमचं न्हाई जमलं."

"अर्धं जमलं."

आबा मोठ्याने हसले. सरांनी माझ्या शाळेचा विषय काढला नाही. भाकरी खाऊन ते उठले, तेव्हा आबाच म्हणाले, "सोताची चूक सांगाया एवढा चढ चढून कोन येतं, मास्तर? जूनला धाडतो. तुमच्या हवाली."

त्यानंतर सरांनी मला कसे शिकवले, पुण्याच्या महाविद्यालयासाठी अर्ज कसा लिहून घेतला, हे त्यांचे इतर विद्यार्थीही सांगतील. ते त्यांनी अनेकांसाठी केले. आज मी धातूंची तपासणी करते. गेल्या वर्षी माझ्या एका अहवालात आकडा चुकला. कोणाच्या लक्षात आला नव्हता. मी स्वतः जाऊन अहवाल परत घेतला. वरिष्ठ नाराज झाले. मला ते फारसे अवघड गेले नाही.

सरांनी साठ वर्षे पूर्ण केली. त्यांचे डोळे बारीक छपाई वाचण्याइतके आणि गुडघे आमच्या वस्तीचा चढ चढण्याइतके धड राहोत, आणि अशी पुष्कळ वर्षे त्यांना मिळोत. आबा अजून विचारतात, "मास्तर कधी येनार?" या गौरवलेखाच्या निमित्ताने मी आबांचे निमंत्रण सरांपर्यंत पोचवते.