बिनसनदेची वकील

बारामतीच्या आमच्या विहारात दर रविवारी बुद्धवंदना संपली की वस्तीतली एक पोरगी सतरंजीवर बैठक मारायची. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. एमआयडीसीतले बिहारी मजूर गाऱ्हाणी घेऊन आले की बुद्धाच्या साक्षीनं खेकसायची, "रोनेका बाहर. इधर मुद्देका बोलो."

एकदा चोरीच्या संशयावरून पोलिसांनी एका मजुराला डांबलं. दोन दिवसांनी त्याची बायको विहारात आली. ही तिला घेऊन तडक ठाण्यात गेली, मागोमाग मी.

"तुमी वकील हाय का?" फौजदारानं विचारलं.

"न्हाय. पण परवा उचललेला माणूस चोवीस तासांत कोर्टापुढं का न्हाय नेला, हे पहिल्या वर्षाचं पोरगं बी इचारंल. तुमी कितवीत?"

मला वाटलं, आता आपण सगळेच आत. पण फौजदारानं किल्ल्या मागवून मजुराला सोडलं.

बाहेर येताच तिनं मला कोपऱ्यात ओढलं. "दादा, मेल्यानं कलम इचारलं असतं तर? मला आठवतच नव्हतं."