कन्नडच्या डोंगराखाली चार बोटं माती

मी झाडांचा माणूस. गेली वीस वर्षं शाळांच्या मैदानांवर, देवळांच्या ओट्यांवर, जिथं माईक मिळेल तिथं 'डोंगर हिरवे करा' म्हणून घसा फोडत आलो आहे. त्यामुळे कॉलेजपासूनची मैत्रीण नसीम म्हणाली, "कन्नडकडं डोंगराच्या पायथ्याची पाहणी करायची आहे, तीन दिवस. खड्डे खोदायला एक मजूर पायजे, येतो का?" तेव्हा मी पिशवी भरायलाच घेतली. नसीमनं आयुष्यभर माती तपासण्याची नोकरी केली. निवृत्तीनंतर तेच काम ती हौसेनं करते.

होकाराला आणखी एक कारण होतं. ज्या गावी ती निघाली होती, तिथं मागच्या वर्षी मी भाषण केलं होतं. ते ऐकून गावानं डोंगराखालचा मोठा माळ झाडं लावायला द्यायचं ठरवलं होतं. आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी तो ठराव ग्रामसभेत येणार होता. आपल्या शब्दांनी डोंगर हिरवा होताना पाहायला कोणाला आवडणार नाही?

दसरा होऊन आठवडा झाला होता. मध्यवर्ती बसस्थानकावरून सकाळची कन्नड गाडी धरली. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ असा रस्ता. डावीकडची खिडकी मिळाली तर सोडू नका. दोन-अडीच तासांत कन्नड. स्टँडसमोर गरम भजी आणि कडक चहा झाला, मग जीपमध्ये माणशी तीस रुपये देऊन, गुडघे कानाशी घेऊन गावात पोचलो. ज्यांना हे डोंगर पाहायचे आहेत त्यांनी हाच महिना धरावा. ऊन सोसवतं, ओढे वाहते असतात आणि गवत सोन्यासारखं पिकलेलं असतं. एक सल्ला मात्र ऐका, लोकरी पायमोजे घालू नका. कुसळी गवताची टोकं त्यात अशी रुततात की मोजे फेकून द्यावे लागतात. माझे फेकले.

नसीमची पद्धत साधी आहे. ओढ्यापासून डोंगराकडं सरळ रेषेत चालायचं. झाडझाडोरा बदलला की थांबायचं आणि खोदायचं. माती किती खोल, रंग काय, खाली कोणता खडक, उतार कुठल्या दिशेला, उन्हाचा मारा किती, वर काय उगवतं, हे सगळं एका तक्त्यात भरायचं. त्यावरून प्रत्येक जागेची जात ठरते.

"पाऊस सगळीकडं तोच पडतो रे," ती म्हणाली, "पण कोणती जागा तो किती दिवस धरून ठेवते, त्यावर सगळा खेळ आहे."

पहिल्या दिवशी दोन जागा झाल्या. ओढ्याकाठी खोल काळी माती, तिच्यात करंज आणि जांभूळ. त्याच्यावर पायथ्याचा तांबूस, मुरमाड पट्टा. तिथं अंजन, धावडा, सालई. संध्याकाळ होत आली तेव्हा मी खालूनच वरच्या माळाकडं पाहिलं. झाड औषधालाही नाही. नसीम हत्यारं धूत होती, तेवढ्यात मी तिसऱ्या जागेचा तक्ता स्वतःच भरून टाकला : 'उजाड. ऱ्हास झालेली जमीन. वृक्षलागवडीस योग्य.' अक्षरही झकास आलं होतं.

नसीमनं तो कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात कोंबला. "नक्को रे बाबा. खोद पैले, मग लिही."

जेवण एका शेतकऱ्याच्या घरी होतं. बाजरीची भाकरी, येसर मसाला घालून केलेली आमटी आणि ठेचा. घरवाली पैसे घेईना, तेव्हा आम्ही शहरातून आणलेला फराळ तिथं ठेवला. 

दुसऱ्या दिवशी माळावर चढलो. छातीइतकं नाही, पण मांडीपर्यंत गवत. मध्ये एक बाई काठीवर हनुवटी टेकून उभी होती, भोवती साठेक मेंढरं आणि चार शेरडं. कोंडाबाई त्यांचं नाव. साठीच्या धनगर बाई, याच गावच्या.

"कोन म्हनायचं तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं.

"म्हंजी ते झाडवाले सर?" त्या हसल्या नाहीत. "बरं झालं गावले. तुमच्या भाषनानं माझं चराण चाललंय बगा. माळाला तार मारनार, पाच वर्सं मेंढरू घालायचं नाय. मी कुटं जाऊ? आदी उन्हाळ्यात बिडकीनकडं जायचो, शेतात मेंढरं बसवायचो. तिकडं आता कंपन्यांच्या भिती झाल्या. ह्यो माळ गेला की मेंढरं इकायची, दुसरं काय?"

अशा वेळी वक्त्याकडं उत्तर तयार असतं. मी पर्यावरण, पुढच्या पिढ्या, भूजल असं सुरू केलं. एक मेंढी खोकली. नसीमनं माझ्या हातात पहार दिली.

घाव घातला. चार बोटं माती निघाली, मग मुरूम आणि लगेच ठण्ण. पहार उलटून हातात झिणझिण्या आल्या. दहा पावलांवर दुसरा घाव, पुन्हा ठण्ण. हे डोंगर लाव्ह्याच्या थरांचे आहेत. कठीण थराची पायरी होते, मऊ थराचा उतार होतो. आम्ही अशाच एका पायरीवर उभे होतो. माती धरून राहायला तिथं जागाच नव्हती.

"सर, दमलात व्हय?" कोंडाबाईंना आता मजा वाटू लागली होती. "मी काठी टोचून सांगते की. हितं रमना हाय, राखीव गवताचा माळ. सासरा म्हनायचा, पोलीस ॲक्शनच्या आदी हितलं गवत सरकारी घोड्यांला जायचं. तवाबी झाड नव्हतं. त्या कडेला बगा, कुनीतरी एकडाव लावली व्हती झाडं."

कडेला जाऊन पाहिलं. जुन्या खड्ड्यांच्या रांगा होत्या. एकाही खड्ड्यात झाड नव्हतं. गवतही परतलं नव्हतं, नुसती घाणेरी माजली होती. जिथं पहार लागली नव्हती तिथं पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत दाट होतं.

"एवढं गवत टिकलं कसं?" मी विचारलं.

"पोळ्यापासून दसऱ्यापातुर आमी हितं कळप घालत नाय. गवताचं बी गळू द्यायचं. माझ्या सासूनं एकदा मोडलं, तर भावकीनं तिच्या हातचं पानी बंद केलतं म्हैनाभर. बी खाल्लं तर फुडल्या साली काय खानार? तुमचं भाषन?"

नसीम जमिनीवर बसून हसत सुटली. मग तिनं आपला नकाशा गवतावर पसरला आणि कोंडाबाईंना एकेक जागा दाखवत गेली. बाई प्रत्येकीचं नाव सांगत गेल्या : चिकणी, तांबडा उतार, रमणा. एका ठिकाणी मात्र त्या अडल्या. "ही एक न्हाय, दोन हायेत. पल्याडली दरड मेंढरं चाटत्यात. आल्याडली नाय."

आम्ही तिथं गेलो. नसीमनं कुपी काढली आणि दोन्हीकडच्या मातीवर तेजाबाचा एकेक थेंब सोडला. अलीकडची माती गप्प राहिली. पलीकडची सोड्यासारखी फसफसली, म्हणजे तिच्यात चुनखडी होती. नसीमनं खोडरबर काढलं, रेष पुसली आणि एका जागेच्या दोन केल्या. "हौ अम्मा," ती म्हणाली, "माझी नोकरी तुम्हीच करायला पायजे होती."

मी खिशातला कागद काढून पुन्हा वाचला. झाड म्हणजे निसर्ग आणि गवत म्हणजे उजाड, हे आपल्या डोक्यात कोणी घातलं? मी शेकडो पुस्तकं वाचली आहेत, पण ज्या माळाबद्दल गरजलो त्या माळावर एकदा चढलो नव्हतो. ज्यानं खोदलं नाही त्यानं बोलू नये. मी बोललो होतो, आणि त्याची किंमत कोंडाबाई मोजणार होत्या.

तिसरा दिवस ग्रामसभेचा. सरपंचांनी मला खुर्ची दिली, नारळ दिला आणि उत्साहानं माईक दिला. मी म्हटलं, "मागच्या वर्षी मी तुमच्यापुढं चुकीचं बोललो. तो माळ झाडांचा नाही, गवताचा आहे. तो तसाच राहू द्या."

सरपंच म्हणाले, "आवो सर, ज्या गावात झाड नाय त्या गावात मानूस नाय, हे तुमचंच वाक्य ना? शाळंच्या भितीवर रंगवलंय आमी. रंगाचे पैसे बी माझेच."

मागून कोणीतरी ओरडलं, "आता गवतावर भाषन का, सर?" सगळी सभा हसली. मीही हसलो, दुसरं करणार काय?

"भाषण नाही," मी म्हटलं. "पहार घ्या आणि चला."

वीस-पंचवीस जण आले. सरपंचांनी धोतर खोचून स्वतः पहार मारली. ठण्ण. चिडून दुसरीकडं मारली, तिसरीकडं मारली. "च्यायला, ही तर फरशीच हाय," ते म्हणाले. पण माणूस हट्टी. "वरच्या साहेबांना काय सांगू? कागदावर पडीक लिवलंय."

नसीमनं तिचा तक्ता पुढं केला, "हा जोडा. जागेची जात लिहिली आहे, आणि झाडांसाठी खालचे दोन पट्टे दाखवले आहेत."

"तिकडं शेरडं झाडं ठिवत नसत्यात," सरपंच कोंडाबाईंकडं बघून म्हणाले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कोंडाबाई म्हणाल्या, "सर, आता तुमी गप बसा." आणि त्या स्वतः बोलल्या. "खाली लावा झाडं. अंजन लावा, धावडा लावा. तिथं माझं एक शेरडू दिसलं तर कान माझा धरा, सरपंच. पन रमन्याला तार नको."

माळावरच हात वर झाले. तार गेली, माळ राहिला. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत, सगळे कुसळं झाडण्यात गुंतले होते.

औरंगपुऱ्यातल्या घरी परतलो. तीन दिवसांचा सगळा खर्च माणशी हजाराच्या आत आला. पाय अजून दुखतात, तळहातावर फोड आहेत. झाडांवरचं प्रेम तसूभरही कमी झालेलं नाही. फक्त आता आधी जागा विचारावी लागणार. आणि एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. तेच भाषण, त्याच टाळीच्या वाक्यासकट, मी आणखी बऱ्याच गावांत केलं आहे. आठवतील तेवढी नावं लिहून काढली आणि पहिल्या सरपंचांना फोन लावला.

"सर!" ते आनंदानं ओरडले. "आत्ता तुमचीच आठवन काढली. खड्डे खोदून तयार हायेत, रोपं उद्या येत्यात. उद्घाटनाला तुमीच पायजे!"

मी विचारलं, "खड्डे किती खोल गेले?"

ते जरा घुटमळले. "तेच तर, सर. हातभर सांगितलं व्हतं, पन पोरं म्हनत्यात, खाली दगुडच लागतोय."

"रोपं थांबवा," मी म्हटलं. "पहिल्या गाडीनं येतो."