शैलजाताईंच्या खोलीतले गुरुवार

शैलजाताईंची आणि माझी ओळख झाली ती शेजारच्या हंसाबेनमुळे. माझे पती विलास यांचं पिणं तेव्हा आमच्या मजल्यावर कुणापासून लपलेलं नव्हतं. "एक बार जा के तो देख, वो बहन सुनती है," असं म्हणत हंसाबेन मला ताईंच्या खोलीच्या दारापर्यंत सोडून गेल्या.

भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीच्या वाचनालयामागे ती छोटी खोली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर ताईंनी समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्या तिथे बसू लागल्या. मी खुर्चीत टेकल्यापासून ह्यांच्याबद्दलच सांगत होते. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला झोप लागते का?" कित्येक वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी रडत राहिले, ताई समोर बसून राहिल्या.

हे यायला तयार नव्हते. ताई म्हणाल्या, "मग तुम्ही या." प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नये, जे बोलायचं ते सकाळी शांतपणे बोलावं, मुलीच्या अभ्यासाची आणि स्वतःच्या जेवणाची वेळ मोडू नये, अशा साध्या गोष्टी मी तिथे शिकले. घरातली भांडणं थांबली. त्याचाच ह्यांना त्रास होऊ लागला. एका गुरुवारी मी आत असतानाच हे दारात येऊन उभे राहिले.

"माझ्या बायकोला काय शिकवताय तुम्ही? भांडतसुद्धा नाही आता."

"बसा ना," ताई म्हणाल्या. "तुमचं कुणी ऐकलंय का कधी?"

भांडायला आलेले हे बसले आणि बोलले. कारखान्यातली पाळी सुटल्यावर घरी यायची धास्ती वाटते, हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. निघताना ह्यांनी विचारलं, "पुढच्या गुरुवारी आहात ना?"

ताईंनी आम्हाला कसलंही आश्वासन दिलं नाही. उलट बजावलं, "स्वतःच्या मनानं पिणं एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग आपलं बोलणं." इस्पितळात त्या स्वतः आमच्याबरोबर आल्या. हे तिथे दाखल होते तेव्हा माझ्यासाठी डब्यात मऊ भात घेऊन यायच्या.

ताईंचा एक कटाक्ष सांगायलाच हवा. हे बरे होऊन कामावर जाऊ लागल्यावर एकदा बाजारात ताई समोर आल्या. ह्यांच्यासोबत कारखान्यातले मित्र होते. ताई मेथीची जुडी निवडत राहिल्या, ओळख दाखवली नाही. ह्यांना ते लागलं. गुरुवारी ताईंनी सांगितलं, "तुम्ही आधी हसलात तर मी हसेन. मला कसे ओळखता, हे लोकांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं."

वर्षभर बरं चाललं. मग चिपळूणजवळच्या गावी पुतण्याची हळद होती. तिथे ह्यांच्या चुलत्यांनी, तात्यांनी, पेला पुढे केला आणि ह्यांना नाही म्हणता आलं नाही. परत आल्यावर हे खोलीकडे फिरकेनात. "कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणाले. ताईंना कळलं तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, "आत्ताच तर यायचंय."

हे गेले. ताई रागावल्या नाहीत. तात्या काय म्हणाले, हे शब्दन् शब्द विचारून घेतलं. मग कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या आमच्या ताई पाण्याचा पेला उचलून थेट तात्यांच्या सुरात म्हणाल्या, "अरे घे रे, मोठा झालास काय? चुलत्याचा मान नाय ठेवणार?" आम्ही दोघं हसून बेजार झालो. पण ताई हसल्या नाहीत, पेला तसाच धरून राहिल्या. ह्यांचं हसू ओसरलं. खाली बघत म्हणाले, "नको तात्या." ताई म्हणाल्या, "ऐकू नाय आलं." असं किती गुरुवार चाललं! पुढे आमच्या मुलीच्या लग्नात खरे तात्या पेला घेऊन आले, तेव्हा ह्यांनी त्यांच्या पाया पडून सांगितलं, "मान तुमचाच आहे तात्या, पण हे नको." तात्या पेला ठेवून ह्यांच्या शेजारी जेवायला बसले.

त्याच सुमारास ताईंनी मला विचारलं, "येणाऱ्या बायकांशी बोलाल का?" मीही मग रीतसर शिकले आणि त्यांची सहकारी झाले. सगळ्याच कहाण्या आमच्यासारख्या झाल्या नाहीत. वरसाव्याचा एक तरुण मध्येच यायचा थांबला आणि पुढे दारूपायीच वारला. ताई त्याच्या आईकडे आजही जातात, नुसत्या बसतात आणि चहा पिऊन येतात.

आता वाचनालयाची इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहतोय. आम्ही दुसऱ्या जागेत बसतो. जागा मोठी आहे, पंखेही चांगले आहेत, पण मला ती जुनी खोली आणि बाहेरच्या बाकावर कुजबुजणारी माणसं फार आठवतात.

ताईंनी पंचाहत्तरी पूर्ण केली आहे. गुडघे कुरकुरतात, तरी जिना चढून येणं त्यांनी सोडलेलं नाही. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती उत्तम राहो. त्यांच्या दाराशी रडत येणाऱ्यांची रांग दरवर्षी आखूड होत जावो, आणि नुसतं "ताई, सहज आले" म्हणत येणाऱ्यांनी त्यांचे गुरुवार भरून जावोत.