लायमनच्या जागेला गिऱ्हाईक

संघ हरत होता तोवर अलाबामातल्या त्या गावात कॉलेजच्या फुटबॉलचं तिकीट फुकटही खपत नसे. व्हर्डेल स्ट्रूपचा नवरा लायमन, त्यानं एकदा खूश होऊन गाडी धुणाऱ्याला तिकीट दिलं, तर त्या भल्या माणसानं ते अदबीनं परत केलं. लायमन मात्र दर शनिवारी बायकोला घेऊन आपल्या बाकावर हजर. चाळीस गुणांनी मार खाल्ला तरी शेवटची शिट्टी होईतो उठायचा नाही.

संघ जिंकायला लागला तो लायमन गेल्यावर. आता तिकिटासाठी लोक वर्षानुवर्षं ताटकळत, आणि व्हर्डेलच्या शेजारची जागा मात्र रिकामी. दर हंगामाला व्हर्डेल अजूनही दोन तिकिटं घ्यायची. गावाचा त्या जागेवर डोळा. शेजारीण पीचचा केक घेऊन यायची. पाद्रीबुवा ‘वाटून घ्यावं’ म्हणताना नेमके तिच्याकडे बघायचे. मागच्या रांगेतला बफर्ड तर उघडच बोलायचा.

“व्हर्डेलबाई, लायमन काही यायचा नाही आता. माझ्या जावयाला तरी बसू द्या.”

“तुझा जावई मध्यंतरातच पळतो. जागा लायमनची आहे.”

त्या शनिवारी मैदानाच्या दाराबाहेर नेहमीसारखी बोटांची जत्रा होती. तिथली रीतच तशी: जितकी तिकिटं हवीत तितकी बोटं वर. कुणाची दोन, कुणाची चार, एकाचा तर अख्खा पंजा. त्यात कारखान्याचे बूट घातलेला एक चाळिशीचा माणूस एकच बोट धरून अवघडून उभा.

“एकच?” व्हर्डेलनं विचारलं.

“हो, मॅम. इतकी वर्षं दोन धरायचो. बाबा असायचे.”

ती पुढे निघून गेली. मग थांबली, मागे आली.

“चल. पैसे राहू दे खिशात. ही उकडलेल्या शेंगांची पिशवी धर.”

तो तिच्यामागून बाकांच्या रांगेत शिरला तशी कुजबुज थांबली. बफर्डनं तोंड उघडलं. व्हर्डेलनं नुसतं पाहिलं, तसा तो गुणफलक वाचू लागला. खेळ अजून सुरू व्हायचा होता.

“इथं कोण बसायचं, मॅम?”

“माझा नवरा.”

मग तो बसेचना.

“बैस रे,” ती म्हणाली. “जागा बसायलाच असते.”

तेवढ्यात राष्ट्रगीताचा बँड वाजला. व्हर्डेलचा गुडघा दुखरा. लायमन गेल्यापासून ती पुढच्या बाकाला धरून उठे. आज तिनं शेजारच्याचा दंड धरला, आणि गीत संपल्यावरही बराच वेळ सोडला नाही.